एकतिसाव्या मिनिटाची शांतता

१

दार उघडताच अक्का बाहेर कलंडल्या. त्या आतून दारालाच टेकून बसल्या होत्या. पुतणीने त्यांना कसंबसं सावरलं, हाका मारल्या, गालांवर थापट्या मारल्या. अंग गार पडत चाललं होतं. उजव्या हाताची दोन नखं तुटली होती, आणि दाराच्या आतल्या बाजूचा राखाडी फोम हातभर ओरबाडून निघाला होता.

शुक्रवारी दुपारी साडेचारला हे घडलं.

वीस वर्षं अक्का अंधांच्या एका ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचत होत्या. भावाच्या घरात, पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्याच्या टोकाला, त्यांच्यासाठी छोटी आवाजबंद खोली बांधली होती. कपाटापेक्षा मोठी, न्हाणीघरापेक्षा लहान. दुपारी दोनला त्या आत शिरायच्या आणि साडेतीनला बाहेर यायच्या.

डॉक्टर म्हणाले, दम्याचा झटका. दम्याचा पंप जेवणाच्या टेबलावर सापडला, तो न्यायला अक्का विसरल्या असाव्यात. फौजदारांनी दार दोनदा उघडून-मिटून पाहिलं आणि विचारलं, "ही खोली बांधली कुणी?"

शनिवारी सकाळी ते बूचबाईच्या कारखान्यात आले. तिचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. आयुष्यभर भिंतीतल्या फटी बुजवत आली म्हणून सगळे तिला बूचबाई म्हणत, आणि आता तीही फोन उचलून "बूचबाई बोलतेय" असंच म्हणायची. पंचावन्न वर्षांची, अंगाने बारकी.

"दार फुगून अडकलं असणार," फौजदार म्हणाले. "आतून हाका मारल्या असतील, त्या कुणाला ऐकू गेल्या नाहीत. बाई, तुमची खोली फारच चांगली निघाली म्हणायची. सोमवारी जबाब द्यायला या."

ते गेल्यावर बूचबाई करवतीच्या टेबलाला धरून उभी राहिली. तिने आजवर चाळीस खोल्या बांधल्या होत्या. त्यातल्या एकीने माणूस मारला होता, आणि इतर एकोणचाळीस खोल्यांत या क्षणी कोणी ना कोणी बसलेलं असेल.

२

"मावशी, मी ते दार एका हाताने उघडलं," पुतणी त्याच दिवशी व्हरांड्यात बूचबाईला म्हणाली. "अजिबात अडकलं नव्हतं."

पुतणी तेवीस वर्षांची होती. आत्याच्या वाचनाची साफसफाई तीच करायची. खोकला, अडखळणं, पानांची सळसळ काढून ध्वनिफीत ग्रंथालयाला द्यायची. तिचे डोळे सुजले होते, तरी ती नीट बोलत होती.

"फुगलेलं दार दुपारी अडकून साडेचारला आपोआप सैल होत नाही," बूचबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. ती गुडघ्यांवर बसली आणि दाराखालच्या लाकडी फळीवरून बोट फिरवू लागली.

फळीवर अंगठ्याएवढा खळगा होता. ताजा, आतलं लाकूड पांढरं दिसणारा.

"हा कशाचा?"

"काल सकाळी मीच झाडलं इथे. तेव्हा नव्हता."

दार बाहेर उघडणारं होतं. बाहेरून खाली लाकडी पाचर सारली की आतल्या माणसाने कितीही जोर लावला तरी ती आणखी घट्ट बसणार. पाचर काढून घेतली की मागे एवढा खळगा उरणार.

व्हरांड्याकडे पाठ करून बसायची तिला एकाएकी भीती वाटू लागली. ती उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"पण आत्या ओरडली असेल ना?" पुतणीने विचारलं. "आत सगळीकडे फोम आहे म्हणून ऐकू आलं नसेल का?"

"फोमचा यात काही संबंध नाही. लोकांना वाटतं फोम लावला की आवाज थांबतो. फोम आवाज पितो, अडवत नाही. आतल्या आत घुमू नये, विहिरीत बोलल्यासारखं वाटू नये, एवढंच त्याचं काम. त्यातही चिवचिव, शिट्टी असले बारीक आवाज तो पितो. जाडाभरडा धपका त्यातून सरळ निघून जातो."

"मग अडवतं काय?"

"वजन. या भिंतीत दोन जाड पाट्या आहेत, मध्ये लोकर भरलीय, आणि अख्खी खोली रबराच्या ठोकळ्यांवर उभी आहे, घराला कुठे चिकटू नये म्हणून. एवढं करूनही करंगळीएवढी फट राहिली तर सगळी मेहनत पाण्यात. आवाज पाण्यासारखाच असतो, वाट मिळाली की निघाला." तिने वर बोट केलं. "आणि वाट तर मीच ठेवलीय. आत माणूस बसणार म्हणजे हवा हवी. हा झरोका. आतली नळी नागमोडी केली, लोकर लावली, तरी थोडा आवाज जातोच. आत जातो तसा बाहेरही येतो."

दाराच्या वर, हात उंचावला की पोचेल अशा जागी, जाळी लावलेला झरोका होता. बूचबाईने स्टूल घेतलं. जाळीवर धूळ साचली होती आणि धुळीत समांतर रेघा उमटल्या होत्या, एकसारख्या, जवळजवळ.

त्या झरोक्यावर कुणीतरी काहीतरी दाबून बसवलं होतं.

३

व्हरांड्याच्या खिडकीखाली छापखाना होता. मालक एकटेच जुनं यंत्र चालवत, आणि दिवसभर त्याचं धप्, धप् चाललेलं असे. अक्कांचं आणि त्यांचं त्यावरून वाजलेलं होतं. बूचबाईने त्यांना गाठलं तेव्हा ते हात पुसत बाहेर आले.

"भांडण झालं होतं, खोटं कशाला बोलू?" ते म्हणाले. "त्या म्हणाल्या यंत्र बंद ठेवा, मी म्हणालो मग खाऊ काय? झालं ते झालं. पण नंतर सवय झाली होती मला. तीनला चहासाठी यंत्र थांबवलं की वरून त्यांचं वाचन अगदी बारीक ऐकू यायचं. मी त्या पुस्तकांतली निम्मी तरी अशी फुकट ऐकली असतील."

"काल ऐकलंत?"

"काल नाही. काल वर अगदी सामसूम. वाटलं, आज वाचत नाहीत. तेव्हाच जिना चढून पाहिलं असतं तर..."

"काल यंत्र मध्ये कधी थांबवलं होतं का?"

"दीड ते तीन एकसलग. घाईचं काम होतं. परवा सकाळीही तसंच, दहा ते बारा. यंत्र मी सोडून दुसरं कुणी चालवत नाही."

घरात अक्कांची भावजय स्वयंपाकघरात बसून होती. तिला कमी ऐकू येई. कानातलं यंत्र लावलं तरी तोंडासमोर येऊन बोलावं लागायचं. बूचबाई समोर बसली.

"शुक्रवारी दुपारी मी झोपले होते," भावजय म्हणाली. "मला काय ऐकू येणार? यंत्र काढून ठेवलेलं. हे बांधकाम तपासायला साइटवर गेले होते, चारला आले. पोरगी साडेचारला आली."

"पंप अक्का नेहमी टेबलावर ठेवायच्या?"

"छे. आत खुंटीला दोरीने बांधलेला असायचा. स्वतःच बांधला होता त्यांनी, विसरायला नको म्हणून."

बूचबाईने मनात जुळवून पाहिलं. कुणीतरी दोरी सोडली होती, पाचर आणली होती, झरोका बुजवला होता. तिच्या खोलीचं सगळं ठाऊक असलेलं कुणीतरी.

आणि खोलीबद्दल या घरात सर्वात जास्त पुतणीलाच कळत होतं.

४

"शुक्रवारची ध्वनिफीत आहे का?" तिने पुतणीला विचारलं.

"आहे. पण अडतीस मिनिटांचीच. मी पूर्ण ऐकली नाही मावशी. माझ्याच्याने होईना."

संगणक व्हरांड्यातल्या टेबलावर, खोलीच्या बाहेर होता. पुतणीने हेडफोन दिले. "ही मूळ आहे, साफ न केलेली."

बूचबाईने डोळे मिटले. आधी खोलीचं दार लागल्याचा आवाज, मग अक्कांचा शांत, जरासा घोगरा आवाज. एका नावाड्याची गोष्ट होती. ती गोष्टीकडे लक्ष न देता मागचं ऐकू लागली. झरोक्यातून आत शिरलेलं जग फार दूरवर होतं. खिडकीतल्या चिमण्या. छापखान्याचं धप्, धप्.

एकतिसाव्या मिनिटाला ते थांबलं.

चिमण्याही थांबल्या, यंत्रही थांबलं. अक्का वाचतच होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं. त्यांच्या शब्दांमागे आता काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं इतकं दाट होतं की बूचबाईच्या मानेवर काटा आला. छापखानेवाल्यांचं यंत्र तर तीनपर्यंत चालू होतं.

सात मिनिटांनी अक्का एक वाक्य संपवून थांबल्या. खोकल्या. परत खोकल्या. खुंटीकडे हात गेला असावा, कपड्याची सळसळ झाली. आणि ध्वनिफीत संपली.

बूचबाईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "बाळ, इतर दिवशी शेवटी काय ऐकू येतं?"

"दार उघडल्याचा आवाज. ध्वनिमुद्रण बंद करायला आत्याला बाहेर यावं लागायचं. मग मी तो तुकडा कापते."

"यात तो नाही."

पुतणीचा चेहरा पांढरा पडला. बंद करायचं बटण बाहेर होतं, याच टेबलावर. आत अक्कांना खोकला लागला तेव्हा कुणीतरी याच खुर्चीत, हेच हेडफोन कानाला लावून ऐकत बसलं होतं. खोकला ऐकला, आणि बटण दाबलं.

५

"आदल्या दिवसांच्या दे," बूचबाई म्हणाली.

"बुधवारची पुसली गेलीय. कशी ते कळत नाही, आत्याने चुकून पुसली असेल. तिने साफ न करताच तिची प्रत त्याच संध्याकाळी ग्रंथालयाला पाठवली होती म्हणून मी काही बोलले नाही. गुरुवारची आहे. त्या दिवशी आत्या सकाळी अकराला बसली होती."

गुरुवारच्या ध्वनिफितीत, बाराव्या मिनिटाला, चिमण्या गेल्या. धपका मात्र तसाच राहिला. मिनिटभराने चिमण्या परतल्या. सोळाव्या मिनिटाला चिमण्या आणि धपका दोन्ही गेले. दोन मिनिटांनी दोन्ही परतले.

बूचबाईने ते तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळी तिला कळलं.

"कुणीतरी तालीम केली," ती हळूच म्हणाली. "आधी झरोक्यावर उशी दाबली. उशी म्हणजे कापूस, बारीक आवाज प्यायली, जाडा जाऊ दिला. त्या माणसाने बाहेरून कान लावून पाहिलं असणार, अक्का अजून ऐकू येतायत. मग त्याने दुसरं काहीतरी आणलं. जड, लवचीक, जाळीला चिकटून बसणारं, कुठे फट न ठेवणारं."

पुतणी तिच्याकडे टक लावून पाहत होती. "म्हणजे तुम्हाला वाटतं मी..."

"वाटत होतं, तासाभरापूर्वीपर्यंत. पण तुला उशीने आवाज अडत नाही हे शिकायला तालीम कशाला लागेल? तू गेली दोन वर्षं हेच ऐकतेस."

छापखानेवाले दोन्ही वेळा खाली यंत्रावर होते, धपका चालू होता हाच त्यांचा पुरावा. भावजयीला उशी आणि भिंत सारखीच. आवाज थांबला की नाही हे ऐकून पाहणं तिला शक्य नव्हतं. एकच माणूस उरत होता. त्याचं नाव बूचबाईने घेतलं नाही. तिने फक्त विचारलं, "गुरुवारी सकाळी घरी कोण होतं?"

"आई. आणि बाबा. त्यांची पाठ धरली होती, रजा घेतली होती. शेकायची पिशवी घेऊन पडून होते."

शेकायची पिशवी. जाड रबराची, पाण्याने भरलेली, जड, लवचीक, आणि अंगावर रेघाच रेघा.

पुतणीने एकदा झरोक्याकडे पाहिलं आणि खुर्ची घट्ट धरली.

६

"चूक असेन तर बरं," बूचबाई म्हणाली. "आपण करून पाहू. मी आत बसते. तू आधी उशी लाव, मग काढून ती पिशवी लाव. मी ऐकते. फौजदारांना सांगायचं तर मला खात्री हवी."

बूचबाई आत शिरली. ओरबाडलेल्या फोमकडे न बघता ती स्टुलावर बसली. दार लागलं. कानात स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येऊ लागलं. वरून चिमण्या, धप्, धप्.

चिमण्या गेल्या. धपका राहिला. उशी. मग चिमण्या आल्या.

बराच वेळ काही झालं नाही. पोर पिशवीत पाणी भरत असेल.

मग सगळंच गेलं. शुक्रवारसारखंच.

"बरोबर आहे," बूचबाई मोठ्याने म्हणाली आणि दाराचा दांडा ढकलला. दार हललं नाही.

तिने खांदा लावला. दार जास्तच घट्ट बसल्यासारखं वाटलं. "बाळ, दार उघड." आवाज फोमने गिळला, स्वतःच्या तोंडापुढेच संपला. पुतणीने तर केलं नसेल? आपण चुकलो तर नाही? त्या एका क्षणात तिला त्या पोरीचीसुद्धा भीती वाटली. मग ती ओरडली, घसा फाटेपर्यंत ओरडली, आणि आपण चांगली बांधलेली भिंत काय असते हे तिला पहिल्यांदा आतून कळलं.

हवा गरम होत होती. तिने जबरदस्तीने तोंड मिटलं. या खोलीचा खिळा न् खिळा तिने ठोकला होता. हवेतून आवाज जाणार नाही, ठीक. खोली घराला कुठे चिकटलेली नाही, रबरावर उभी आहे. कुठेच नाही? दिव्याची वायर. वायर लोखंडी नळीतून आत घेतली होती, आणि ती नळी घराच्या भिंतीतून सरळ खाली जात होती. तेव्हा रबराचा तुकडा घालायचा राहिला होता, आणि ती खंत तिला तेव्हापासून होती.

माइकच्या स्टँडचा लोखंडी तळ तिने उचलला आणि नळीवर मारला. पुन्हा. पुन्हा. थांबली नाही. खाली यंत्राच्या धपक्यात ते ऐकू जाईल का, तीन वाजले का, काहीच कळत नव्हतं. हात बधिर झाले. डोळ्यांपुढे काळं येऊ लागलं, ते हवेने की भीतीने हेही कळेना.

दार उघडलं तेव्हा तिचा हात हवेत होता. समोर छापखानेवाले उभे होते, धापा टाकत, हातात पाचर.

"चहाला यंत्र थांबवलं, तर भिंत वाजत होती," ते म्हणाले. "आज मात्र मी जिना चढलो."

त्यांच्या मागे, टेबलाजवळच्या खुर्चीत, अक्कांचा भाऊ बसला होता. मांडीवर लाल रबरी पिशवी. तो पळाला नाही. बूचबाईकडे पाहून तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "माझी पाठ दुखतेय हो."

७

तो लवकर घरी आला होता. मुलीच्या हातात पिशवी पाहून त्याला सगळं उमगलं. "तुला फौजदारांनी बोलावलंय, लगेच जा, बाईंना मी सांगतो," असं म्हणून त्याने तिला पाठवून दिलं. पुढे काय करणार होता, हे त्याला फौजदारांनाही सांगता आलं नाही. अक्कांबद्दल विचारल्यावर तो पाठीचंच गाऱ्हाणं सांगत राहिला.

फौजदार म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता ते पटतं. पण सख्ख्या बहिणीला का मारेल कुणी?"

"बुधवारची ध्वनिफीत पुसलीय," बूचबाई म्हणाली. "झरोक्यातून आवाज आतही जातो. बुधवारी अक्कांनी आत बसून काहीतरी ऐकलं असणार, माइकनेही ऐकलं असणार, आणि ते भावाला कळलं असणार."

सोमवारी सकाळी पुतणी आणि बूचबाई फौजदारांबरोबर ग्रंथालयात गेल्या. आलेलं प्रत्येक वाचन ऐकून तपासणारे एक वृद्ध गृहस्थ तिथे होते, जन्मांध. त्यांनी बुधवारची प्रत बाजूलाच काढून ठेवली होती.

"तुमच्या आत्यांना विचारायचं होतं," ते पुतणीला म्हणाले. "वाचनामागे एक माणूस फोनवर बोलतोय. आधी वाटलं माझाच भास."

त्यांनी ते लावलं. अक्का वाचत होत्या. त्यांच्या शब्दांच्या फटींतून, फार दूरवरून, एक पुरुषी आवाज येत होता. शाळेचा जिना. सिमेंट मी तपासलंच नव्हतं, घरी बसून सही केली. आता गवंडी आत गेलाय ना, मग राहू दे आत, माझं नाव कशाला निघेल.

अक्का वाक्याच्या मध्येच थांबल्या. बराच वेळ त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. मग त्यांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, पण आवाज आधीसारखा नव्हता.

शाळेचा तो जिना कोसळून दोन माणसं मेली होती. गवंडी आठ महिने तुरुंगात होता. सिमेंट तपासायला कुणी आलंच नव्हतं हे तो ओरडून सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं.

फौजदारांनी पुतणीपुढे कागद सरकवला. "आवाज फार बारीक आहे. न्यायालयात कुणीतरी ओळखून सांगावं लागेल. तुमच्या आई सांगू शकणार नाहीत. आणि तुमच्यावर जबरदस्ती नाही."

पुतणीने ध्वनिफीत आणखी एकदा लावायला सांगितली. ऐकताना तिने बूचबाईचा हात धरला होता.

"पहिली गोष्ट मी बाबांकडूनच ऐकलेली," पुतणी म्हणाली. "रोज एक सांगायचे. मला ओळखायला वेळ नाही लागत."

मग तिने पेन घेतलं आणि वडिलांचं पूर्ण नाव लिहिलं.